मॅडमची टीईटी झालेली नाही, म्हणून मुलीची शाळा बदलावी का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. पहिली ते चौथी मिळून पट ४३, शिक्षक दोन. पहिली-दुसरी ज्यांच्याकडे आहे त्या मॅडम डी.एड. आहेत, २००६ साली लागल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झालेली नाही. सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून गावात बोललं जातंय की या मॅडम पात्रच नाहीत. आठ किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेच्या पत्रकात सगळे शिक्षक एम.ए. बी.एड. नाहीतर एम.एस्सी. बी.एड. आहेत आणि शेजारची मुलं तिकडे गेली. ताईंचे यजमान शाळा व्यवस्थापन समितीत आहेत, पण रजिस्टरवर सही करण्यापलीकडे त्यांना काम नाही. पालकसभेत ताईंनी "मुलीला वाचता येत नाही" असं सांगितलं, तर "घरी अभ्यास घ्या" एवढंच उत्तर मिळालं. आता शाळा बदलावी का?

ताई, यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मॅडम पात्र आहेत का, हा एक. दुसरीतल्या मुलीला वाचता का येत नाही आणि ते शाळेत कुणी नीट सांगत का नाही, हा दुसरा. गावात चर्चा पहिल्याची आहे, तुमची झोप उडवलीय ती दुसऱ्याने. पहिल्याचं उत्तर कागदावर मिळतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं, आणि शाळा बदलायची की नाही ते त्याच्यावरच ठरवा. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, पुढे केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारी अधिकारी म्हणून, निवृत्त झाले. तिथे जे पाहिलं त्याच्या आधारानेच सांगते.

आधी कागद बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांची किमान पात्रता एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, ठरवते आणि तिची मूळ अधिसूचना २३ ऑगस्ट २०१० ची आहे. पहिली ते पाचवीसाठी बारावीला ५० टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत), दोन वर्षांची पदविका, म्हणजे आपलं जुनं डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, आणि त्यावर टीईटी. सहावी ते आठवीसाठी पदवी, सोबत डी.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. त्या अधिसूचनेच्या आधी नियमाप्रमाणे लागलेल्यांना टीईटीची अट नव्हती. महाराष्ट्रात पहिली टीईटीच मुळी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. तेव्हा २००६ ला लागलेल्या मॅडमनी परीक्षा टाळली, असा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्याकडून ती कुणी मागितलीच नव्हती.

सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ही स्थिती बदलली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलाय अशा आधीच्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. तुमच्या मॅडम बहुधा पहिल्या गटात असतील, म्हणजे निकालाने त्यांना २०२७ च्या ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्या मुदतीच्या आत "मॅडम पात्र नाहीत" हे म्हणणं चुकीचं आहे. आणि एक विनंती, हा विषय मुलांसमोर काढू नका. वीसेक वर्षांच्या नोकरीनंतर परीक्षेला बसायचा ताण त्यांच्यावर आहेच. वर्गातल्या मुलांच्या तोंडून "तुम्ही नापास होणार का?" हे ऐकावं लागलं, तर त्याचा त्रास शेवटी वर्गालाच होतो.

आता त्या एम.ए. बी.एड. बद्दल. पालकांना वाटतं, पदवी मोठी म्हणजे शिकवणं चांगलं. दुसरीच्या वर्गासाठी हा हिशेब लागू पडत नाही. २०१८ साली एनसीटीईने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीला घ्यायला परवानगी दिली होती, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा जोडकोर्स करायच्या अटीवर. ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली नाही. त्या निकालाआधी रीतसर लागलेल्यांना पुढे संरक्षण मिळालं, पण प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नव्हे, हे कोर्टाने स्पष्ट केलं. कारण साधं आहे. बी.एड. मध्ये आठवी-नववीच्या मुलाला इतिहास कसा शिकवावा, विज्ञान कसं शिकवावं, हे शिकतात. त्या मुलाला वाचता येतं हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. डी.एड. मध्ये सहा वर्षांचं मूल आवाजाची अक्षराशी सांगड कशी घालतं, कानामात्रा कुठे चुकतं, दहा-दहाचे गठ्ठे न बांधता नुसती अंकलिपी पाठ करून घेतली तर पुढे हातच्याच्या बेरजेत का अडतं, हे शिकवतात आणि सरावपाठही याच वयाच्या मुलांवर घेतात.

आमच्या केंद्रातल्या एका खाजगी शाळेत मी दुसरीच्या वर्गावर गेले होते. बाई दोन विषयांत पदव्युत्तर, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं, आणि मुलांच्या वह्याही तशाच सुबक. मी एका मुलाला त्याचीच वही वाचायला सांगितली. त्याला त्यातली एक ओळ वाचता आली नाही. तो रोज चित्र काढल्यासारखी अक्षरं उतरवून घेत होता. त्या बाई मन लावून काम करत होत्या, पण लहान मुलांना वाचायला कसं शिकवायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. डी.एड. आणि टीईटी दोन्ही असून वर्गात खुर्ची न सोडणारे शिक्षकही मी पाहिलेत. टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा, पाच भाग, प्रत्येकी ३० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. खुल्या वर्गाला पास व्हायला ६० टक्के लागतात. या परीक्षेतून विषयाची समज कळते. अडखळणाऱ्या मुलाजवळ बसून शिक्षक किती धीराने ऐकतो, हे कोणत्याही बहुपर्यायी पेपरात दिसत नाही. तरीही मी परीक्षेच्या बाजूची आहे. ज्याला स्वतःला अपूर्णांक कळत नाहीत त्याच्या हाती वर्ग देऊ नये, एवढी किमान खात्री पालकांना मिळालीच पाहिजे. पण ती किमान खात्री आहे, त्यावरून तुमच्या मुलीच्या वाचनाचं काही कळणार नाही.

ते कळण्यासाठी मी तुमच्या जागी असते तर शाळेत आधी एक गोष्ट विचारली असती: मॅडम पहिलीच्या मुलांना घेऊन बसल्या की दुसरीची मुलं काय करतात? कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन इयत्ता. त्यातला एक जण प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामाला किंवा बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चारही इयत्ता. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं लावता येत नाहीत, पण या तीनांतली निवडणुकीची कामं आता जवळपास वर्षभर चालतात. अशा शाळेत शिक्षकाची पदवी काय, यापेक्षा दुसरीच्या मुलांना रोज मॅडमचा स्वतःचा असा किती वेळ मिळतो, यावर मुलीचं वाचन जास्त अवलंबून असतं. चांगला द्विशिक्षकी वर्ग मी पाहिलाय. पहिलीचा गट मॅडमजवळ आणि दुसरीची मुलं जोडीने वाचतायत, एक वाचतोय, दुसरा बोट ठेवून बघतोय. आणि असाही पाहिलाय की दुसरीला "धडा पाचदा लिहा" सांगून दिवसभर गप्प बसवलं. दोन्हीकडे पट तेवढाच होता.

मुलीचं नेमकं कुठे अडतंय, हे तुम्ही घरी एका संध्याकाळी बघू शकता. बालभारतीच्या पुस्तकातला धडा वाचायला देऊ नका, तो तिला ऐकून पाठ असेल. कधी न पाहिलेलं काहीतरी द्या, लहान मुलांच्या गोष्टीचं पुस्तक, वर्तमानपत्रातली मुलांची पुरवणी, काही नाही तर चार साध्या ओळी स्वतः लिहा. मग नुसतं बघा. सुटी अक्षरंच ओळखत नाही का? अक्षरं येतात पण वेलांटी-उकारावर थांबते का? शब्द जुळवते पण वाक्य संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही का? की घरी नीट वाचते आणि शाळेत घाबरते? या चारही प्रकारच्या मुलांबद्दल पालक "वाचता येत नाही" असंच म्हणतात, पण चौघांचे उपाय वेगळे आहेत. अक्षरओळख नसेल तर पहिलीचं काम राहिलंय, रोज थोडं थोडं करून दोन-तीन महिन्यांत बहुतेक मुलं सावरतात. घाबरत असेल तर अभ्यास वाढवून उलटाच परिणाम होईल. मोजमाप हवं असेल तर लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत, असं ठरवलेलं आहे. हे वर्ष संपतानाचं आहे हे मात्र ध्यानात ठेवा. सहामाहीच्या आधीच घड्याळ लावून मुलीच्या मागे लागू नका.

हे एकदा कळलं की मॅडमना भेटा. पालकसभेत चाळीस जणांसमोर नको, शाळा सुटल्यावर, वही हातात घेऊन. "मुलीला वाचता येत नाही" असं म्हटलं की शिक्षकाला तो आरोप वाटतो. "ती वेलांटी-उकारावर अडते, तुम्हालाही असंच दिसतं का?" असं विचारलं की मॅडमना तुमच्याशी बोलावंच लागतं. "घरी अभ्यास घ्या" या उत्तरावर रागावू नका, पण ते तेवढ्यावर सोडूही नका. कोणता अभ्यास, किती वेळ, कुठल्या पानापासून, आणि पंधरा दिवसांनी काय यायला हवं, हे विचारून घ्या. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलं एक आहे. म्हणजे तुम्ही उपकार मागत नाही. मात्र पहिल्याच भेटीत कलम तोंडावर फेकू नका. मॅडमनी तुमच्या मुलीबद्दल नेमकं काही सांगितलं, उदाहरणार्थ "जोडाक्षरं यायला लागलीत, पण ओळ सोडते", तर तुमच्या मुलीवर लक्ष आहे असं खुशाल समजा. "ठीक आहे, थोडी चंचल आहे" एवढंच आलं, तर महिन्याने पुन्हा जा.

आता पालकांच्या सहभागाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. मुलं एकतर त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पालकसभेला येणार कोण? म्हातारी आजी, तिला अक्षर येत नाही. शिक्षक म्हणायचे, या पालकांकडून काय अपेक्षा ठेवायची? मला ते कधी पटलं नाही. आजीला आम्ही शिकवायला सांगितलंच नाही, ऐकायला सांगितलं. रोज संध्याकाळी नातवाने एक पान वाचायचं, आजीने ऐकायचं आणि शेवटी विचारायचं, "मग काय झालं त्या कोल्ह्याचं?" मूल अडखळतंय की सरळ वाचतंय, हे कळायला ऐकणाऱ्याला वाचता यावंच लागतं असं नाही. गोष्ट सांगता आली नाही म्हणजे समजली नाही, हेही आजीला बरोबर कळायचं. ज्यांच्या आया कारखान्यावर होत्या त्यांतली काही मुलं रात्री फोनवर वाचून दाखवायची. ज्या शाळांनी हे सातत्याने केलं तिथे मुलं हंगामानंतर मागे पडलेली दिसायची नाहीत, निदान वाचनात तरी. २०२२ मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं, त्यात गावोगाव मातांचे गट केले. तुमच्या गावात तो गट अजून चालू असेल तर त्यात जा, बंद पडला असेल तर चार आयांनी मिळून पुन्हा बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

पालकांनी काय करू नये, तेही सांगते. "सर, मारा, पण शिकवा" असं सांगणारे पालक मला खूप भेटले. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला कलम १७ प्रमाणे बंदी आहे, आणि भीतीने मूल फार तर पाठ करतं, वाचायला शिकत नाही. तसंच वहीची पानं भरली म्हणजे अभ्यास झाला, हा आग्रहही सोडा. पालक पानं मोजतात म्हणून कितीतरी शिक्षक नकला करून घेतात.

याच ठिकाणी इंग्रजी शाळेचा विचार करा. आज तुम्ही मुलीचं ऐकू शकता, चूक पकडू शकता, मॅडमशी बरोबरीने बोलू शकता. घरात कुणालाच इंग्रजी येत नसेल तर दुसऱ्या दिवसापासून हे तुमच्या हातून जातं आणि मुलगी शिकवणीवर अवलंबून राहते. घरात इंग्रजी येणारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. मग त्या शाळेत जाऊन पत्रकातल्या नावांबद्दल नव्हे, दुसरीला प्रत्यक्ष कोण शिकवतं ते विचारा. त्यांचं डी.एल.एड. झालंय का, टीईटी झालीय का, या शाळेत किती वर्षं आहेत, गेल्या वर्षी दुसरीला तेच होते का. कलम २३ खाजगी विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. अप्रशिक्षित शिक्षकांना प्रशिक्षण पूर्ण करायला कायद्यात २०१७ ला दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती, तीही कधीच संपली. जी शाळा हे सांगायला कचरते, तिथे मी माझी नात घातली नसती. आणि २५ टक्के राखीव जागांचा मोफत प्रवेश हा प्रवेशस्तरावरच असतो, दुसरीला मिळत नाही, म्हणजे पूर्ण फी धरूनच हिशेब करा.

राहिली समिती. तुमच्या यजमानांच्या सहीला किती वजन आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. कलम २१ आणि राज्याच्या नियमांप्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. आपल्याकडे बैठक दरमहा व्हायला हवी. शाळेचं कामकाज बघणं, अनुदानाचा खर्च बघणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, ही कामं कायद्यानेच समितीला दिली आहेत. शिक्षक वेळेवर येतात का, अशैक्षणिक कामात किती दिवस जातात, यावर लक्ष ठेवणंही त्यातच येतं. शिक्षक कसे शिकवतात यावर हुकूम सोडणं मात्र येत नाही. पद्धत त्यांची, वेळ आणि साधनं मिळतायत का हे बघणं समितीचं.

त्यांना एवढं करायला सांगा. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आधी मागून घ्यायची. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. आणि एकच विषय लावून धरायचा: या वर्षात आतापर्यंत दोन्ही शिक्षक एकत्र शाळेत असे किती दिवस होते? हजेरीपटावरून हे पाच मिनिटांत निघतं. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस अध्यापन व्हायला हवं, असं कायद्याची अनुसूची सांगते. आकडा कमी निघाला तर मॅडमवर बोट दाखवू नका. समितीचा ठराव करा आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, की प्रशिक्षण आणि इतर कामांना दोघांना एकाच वेळी बोलावू नये, लांबच्या रजेत पर्यायी शिक्षक द्यावा. केंद्रप्रमुख असताना मी अनुभवलंय, एका पालकाच्या तोंडी तक्रारीला आम्ही उत्तर द्यायचो, पण समितीच्या लेखी ठरावावर आम्हाला कार्यवाही दाखवावी लागायची. पालकांचा आवाज आणि ठराव यात एवढा फरक पडतो. अशा ठरावात शिक्षकांनाही आधार वाटतो, कारण त्यांनी स्वतः तक्रार केली तर ती कुरबुर समजली जाते.

तुमच्या बाबतीत काय निघेल हे मला इथून सांगता येणार नाही. दुसरं पद प्रत्यक्ष भरलेलं आहे की कागदावर, मुलगी अक्षरावर अडते की धीटपणावर, मॅडम मोकळेपणाने बोलतात की नाही, यावर ते आहे. म्हणून क्रम असा ठेवा: या आठवड्यात घरी वाचून घ्या, मग मॅडमना भेटा, पुढच्या बैठकीत दिवसांचा प्रश्न लावा, आणि सहामाहीपर्यंत रोज पंधरा-वीस मिनिटं मुलीचं ऐका. मध्ये वर्ग चालू असताना, व्हरांड्यातून डोकावून नव्हे, सांगून-विचारून एक तास वर्गात बसायला मागा. चांगल्या शिक्षकाला त्याचं काही वाटत नाही.

दिवाळीनंतरही फरक पडला नाही, मॅडम नेमकं काही सांगत नसतील आणि समितीत कुणी ऐकत नसेल, तर शाळा बदला, त्यात कमीपणा नाही. पण आठ किलोमीटरवर जायच्या आधी शेजारच्या गावातली जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा बघून या, तीन-चार किलोमीटरवरही चांगली शाळा असू शकते. तिथेही दुसरीच्या मुलाला न पाहिलेली चार वाक्यं वाचायला सांगा. अशा शाळेत बदलून जायचा हक्क कलम ५ ने दिला आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.